कंटाळा हा समीक्षक नव्हे



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका तरुण श्रोत्यानं आम्हांला गाठलं. म्हणाला, "सर, एक दीर्घकथा लिहिलीय. लिहून झाली त्या रात्री आनंदानं झोप लागली नव्हती. मग सुधारत बसलो. पंधरा-वीस वेळा तरी वाचली असेल. आता तिच्यात काहीच दिसत नाही. भिकार वाटते. फाडून टाकू का?" आम्ही म्हणालो, "तूर्त फाडू नका. पुढच्या वेळी बोलू." ते बोलणं आज करायचं आहे. प्रश्न एकट्या त्यांचा नाही. लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, चित्र काढणाऱ्या प्रत्येकाचा आहे, तेव्हा आपण सगळेच मिळून विचार करू.

आधी प्रश्न नीट मांडू. कथा तीच, अक्षरं तीच, वाचणाराही तोच. पहिल्या दिवशी सुंदर असलेली गोष्ट विसाव्या वाचनाला भिकार झाली. मधे बदललं काय? दोन शक्यता आहेत. एक, पहिल्या दिवशीचा आनंद हा भ्रम होता आणि आता डोळे उघडले. दुसरी, तेव्हा जे दिसत होतं ते आता दिसेनासं झालं. लिहिणारा माणूस बहुधा पहिली शक्यता चटकन मान्य करून टाकतो, कारण तिच्यात त्याला प्रामाणिकपणा वाटतो. स्वतःशी कठोर वागणं म्हणजेच खरं बोलणं, असा आपला एक जुना समज आहे. या समजाची आज जरा झडती घ्यायची आहे.

आपल्याकडे लगेच म्हण पुढे येते: अतिपरिचयादवज्ञा. ज्या संस्कृत सुभाषितातून ती आली, त्यात पुढे दाखला आहे तो मलय पर्वतावरच्या भिल्ल स्त्रीचा. तिथे चंदनाची झाडं इतकी, की ती चंदन चुलीत घालते. सुभाषितकाराला वाटतं, पहा, रोजच्या सहवासानं चंदनाची किंमत गेली! आम्हांला मात्र या सुभाषितात त्या बाईवर अन्याय झाल्यासारखा वाटतो. तिला चंदनाचा वास येत नसेल असं कशावरून? तिला स्वयंपाक करायचा आहे, सरपण हवं आहे. चंदनाकडे ती ज्या कामासाठी पाहते, त्या कामात सुवासाचा हिशेब नसतो. तेव्हा परिचय किती झाला, एवढंच विचारून भागत नाही. परिचय कोणत्या कामासाठी झाला, हेही विचारावं लागतं. हा धागा हातात धरून ठेवा, पुढे लागेल.

आता एक उदाहरण घेऊ. शेरलॉक होम्स तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. भालबा केळकरांनी या कथा मराठीत आणल्या, त्या वाचून आमच्या पिढीतले कितीतरी जण मोठे झाले. होम्सचे निर्माते आर्थर कॉनन डॉयल. १८८७ साली होम्सची पहिली कादंबरी आली, १८९० मध्ये दुसरी. पण खरी लाट आली ती जुलै १८९१ पासून, 'स्ट्रँड' मासिकात कथा येऊ लागल्या तेव्हा. १८९३ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे अडीच वर्षांत, चोवीस कथा. लोक मासिकाची वाट पाहायचे. आणि कथाकार काय करत होता? १८९१ च्या नोव्हेंबरमध्येच, पहिली लाट अजून चढत असताना, डॉयल आपल्या आईला पत्रात कळवत होते की होम्सला मारून टाकावं म्हणतो, त्याच्यामुळे अधिक चांगल्या गोष्टींकडे लक्ष जात नाही. आईनं त्यांना परावृत्त केलं. पण दोनच वर्षांनी, १८९३ च्या 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत, त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यावरून खाली ढकललंच.

पुढे त्यांनी एक उपमा दिली, ती फार बोलकी आहे. हंसाच्या यकृताचा एक महागडा फ्रेंच पदार्थ असतो. तो त्यांनी एकदा इतका खाल्ला होता, की नुसतं नाव काढलं तरी मळमळायचं. होम्सचं तसंच झालंय, असं ते म्हणाले. आता बघा, ही तक्रार कशाची आहे? पदार्थ नासका होता असं ते म्हणत नाहीत. तो जास्त खाल्ला गेला, असं म्हणतात. म्हणजे वर्णन आहे स्वतःच्या पोटाचं आणि शिक्षा झाली पदार्थाला.

कुणी म्हणेल, डॉयलना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या, 'द व्हाइट कंपनी' ही १८९१ ची कादंबरी त्यांना जवळची होती, तेव्हा हा प्रश्न महत्त्वाकांक्षेचा आहे. बरोबर आहे, तोही भाग होताच. पण इथेच आमची ती चुलीजवळची बाई आठवा. होम्सच्या पैशावर त्यांना आपल्या आवडत्या कादंबऱ्यांची चूल पेटवायची होती. चंदनाकडे सरपण म्हणून पाहायची सवय लागली, की त्याचा वास घ्यायला कोण थांबतं?

यात एक मोठी गंमत आहे. आपल्याला जे होणार आहे, ते डॉयलनी आधीच लिहून ठेवलेलं होतं. 'द रेड-हेडेड लीग' ही कथा १८९१ ची. लाल केसांचे एक दुकानदार गृहस्थ होम्सकडे येतात. होम्स त्यांना एकदा पाहून सांगतो की तुम्ही एके काळी अंगमेहनतीचं काम केलंय, चीनला जाऊन आलाय, अलीकडे पुष्कळ लिखाण केलंय. गृहस्थ चकित होतात. मग होम्स एकेक खूण उलगडून दाखवतो. त्यावर गृहस्थ हसतात आणि म्हणतात, मला आधी वाटलं तुम्ही काही तरी हुशारी केलीत, पण यात तर काहीच नाही! होम्स वॉटसनकडे वळून खंत करतो की समजावून सांगण्यात माझी चूकच होते.

मंडळी, लेखक आपल्या कृतीपुढे कायम या दुकानदाराच्या जागी असतो. वाचकाला विस्मय दिसतो, लेखकाला पायऱ्या दिसतात. हे वाक्य इथे का आहे? कारण मागचा परिच्छेद जुळत नव्हता. हे पात्र का आलं? कारण तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी दार उघडायला हवं होतं. सगळं ठाऊक असल्यावर माणूस म्हणणारच, यात काय आहे? आणि पायऱ्या माहीत असणं हे खरं ज्ञान आहे, ते खोटं नाही. चूक होते ती पुढच्या उडीत. 'हे कसं झालं ते मला कळतं, म्हणून यात काही नाही', ही ती उडी. पोळी कशी लाटतात हे ठाऊक असल्यानं पोळीची चव कमी होत नाही.

आता थोडं शास्त्राकडे वळू. आमचा धंदाच तो, त्यामुळे क्षमा करा. भ्रमाची चर्चा करताना आपले दार्शनिक पिवळ्या शंखाचा दाखला देतात. कावीळ झालेल्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. त्याला पिवळेपण खरोखरच दिसत असतं, तो लबाडी करत नसतो. पण दोष शंखात नाही, डोळ्यांत आहे. विसाव्या वाचनानंतर 'ही कथा भिकार आहे' असं म्हणणारा लेखकही लबाड नसतो. त्याला खरंच तसं दिसतं. फक्त तो पिवळेपण कुठलं, हे विचारायला विसरतो.

अभिनवगुप्तांनी, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये, नाट्यशास्त्रावरच्या आपल्या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतली दोन आपल्या कामाची. एक, समोर चाललेलं सुखदुःख 'हे माझंच' किंवा 'हे त्या दुसऱ्याचं' असं ठरावीक व्यक्तीशी, ठरावीक स्थळकाळाशी बांधलं जाणं. दुसरं, प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असणं, की समोरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. लेखक स्वतःचं लेखन वाचतो तेव्हा ही दोन्ही विघ्नं त्याच्या दोन बाजूंना बसलेली असतात. या पानावर मला ताप होता. हे पान लिहिलं त्या महिन्यात भाडं थकलं होतं. हा परिच्छेद अमक्याला आवडला नव्हता. कथेतली आई रडते आहे, आणि याच्या मनात काय, तर इथे स्वल्पविराम हवा की अर्धविराम? भावनेचं साधारणीकरण व्हायला, ती कुणाचीच नाही आणि म्हणून सगळ्यांची अशी व्हायला, लेखकाला जागाच उरत नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. माघानं 'शिशुपालवधा'त रैवतक पर्वताचं वर्णन केलंय. कृष्णानं तो पर्वत अनेकदा पाहिलेला, तरी त्या दिवशी तो अपूर्व वाटला. त्यावरून माघ रमणीयतेचं लक्षणच देऊन टाकतो: जे क्षणोक्षणी नवं होतं ते रमणीय. मग आक्षेप असा, की तुमची कथा खरोखर रमणीय असती तर विसाव्या वेळीही नवी वाटली असती. शिळी झाली, याचाच अर्थ ती मुळात तशी नव्हती. वारकरी रोज हरिपाठ म्हणतो, त्याला कुठे कंटाळा येतो? गवई चाळीस वर्षं यमन गातो, यमन कुठे शिळा होतो?

याचं उत्तर नीट पाहावं लागेल. गवई यमन गातो तेव्हा तो कालचा यमन तपासत नसतो, आजचा घडवत असतो. बंदिश जुनी, पण गांधारावर आज कुठून यायचं हे आजच ठरतं. वारकरी हरिपाठ म्हणतो तेव्हा तो त्यातल्या चुका शोधत नसतो. त्याचं म्हणणं हीच त्याची उपासना असते. आणि कृष्ण रैवतकाकडे पाहत होता तो पाहुणा म्हणून, पर्वताची दुरुस्ती करायला तो आला नव्हता. लेखकाचं विसावं वाचन यांतलं काहीच नसतं. तो घडवतही नाही, भोगतही नाही. तो तांदूळ निवडतो आहे. तांदूळ निवडणाऱ्याला फक्त खडे दिसतात, आणि ते दिसायलाच हवेत. पण दोन तास तांदूळ निवडून उठलेल्या माणसानं 'जगात भात नावाचं काही नाही, सगळे खडेच' असं म्हणावं का? म्हणजे दोष पुनरावृत्तीचा नाही. तपासणीच्या नजरेनं केलेल्या पुनरावृत्तीचा आहे. माघाचं लक्षण खोटं ठरत नाही. ते पाहणाऱ्यासाठी आहे, निवडणाऱ्यासाठी नाही.

मग काय, लेखकाला स्वतःचं काही वाईट वाटलं की तो थकवा समजून सोडून द्यायचं? तसं आम्ही म्हणत नाही. तसं म्हटलं तर वाईट लेखनाला आम्ही अभयपत्रच दिल्यासारखं होईल. पुष्कळ लेखन खरोखरच फाडण्याच्या लायकीचं असतं. प्रश्न आहे, ओळखायचं कसं?

आमची कसोटी साधी आहे. न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगतात. पहिला प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. दुसरा हेतू: कारण तिथे धूर आहे. समीक्षेलाही हे दोन लागतात. 'तिसरं प्रकरण ढिलं आहे' ही प्रतिज्ञा, 'कारण नायिकेचा निर्णय आधीच कळून गेलाय आणि तरी बारा पानं घोळ चाललाय' हा हेतू. कंटाळ्याकडे प्रतिज्ञा असते, हेतू नसतो. 'सगळंच भिकार आहे', 'यात काही नाही', असं तो सरसकट बोलतो. समीक्षा बोट ठेवून बोलते. तुमची नावड एखाद्या जागेवर बोट ठेवत असेल आणि का ते सांगत असेल, तर तिचं ऐका, ती तुमची मैत्रीण आहे. ती नुसतीच हात झटकत असेल तर ती थकलेली आहे, तिला झोपू द्या.

ही कसोटी डॉयलना लावून पाहू. लोकांच्या आग्रहानं म्हणा, पैशानं म्हणा, १९०१ मध्ये होम्स एका कादंबरीत परतला आणि १९०३ मध्ये तर चक्क जिवंत झाला. शेवटी चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा झाल्या. १९२७ साली 'स्ट्रँड' मासिकानं एक स्पर्धा ठेवली: होम्सच्या बारा उत्तम कथा कोणत्या? वाचकांनी आपली यादी पाठवायची आणि ती खुद्द लेखकाच्या यादीशी ताडून पाहायची. डॉयल तेव्हा सत्तरीकडे झुकलेले. त्यांना वाटलं होतं, हे काय, चुटकीसरशी होईल. पण मग त्या कथा लक्षपूर्वक पुन्हा वाचाव्या लागल्या आणि काम अवघड निघालं, हे त्यांनीच लिहिलंय.

त्यांची यादी पाहण्यासारखी आहे. पहिली 'द स्पेकल्ड बँड'. हीच ती दूध पिणाऱ्या आणि शिट्टी ऐकून दोरीवरून परतणाऱ्या हिंदुस्थानी सापाची कथा. नागपंचमीला दुधाची वाटी ठेवणाऱ्या आपल्या लोकांना त्यातलं दूध चालतं, सर्पमित्रांना चालत नाही, ते असो. दुसरी, ती लाल केसांच्या दुकानदाराची. चौथी कोणती? 'द फायनल प्रॉब्लेम'! ज्या कथेत होम्सला कंटाळून ढकलून दिलं, तीच. आणि 'सिल्व्हर ब्लेझ' ही घोड्यांच्या शर्यतीवरची कथा मात्र त्यांनी बाद केली. का? तर शर्यतीचे तपशील फार चुकलेत म्हणून.

फरक लक्षात आला? कंटाळलेला डॉयल म्हणतो, होम्सचं नाव काढलं की मळमळतं. १९२७ चा डॉयल म्हणतो, या कथेत शर्यतीचे तपशील चुकले आहेत. पहिल्याकडे नुसती मळमळ आहे, दुसऱ्याकडे हेतू आहे. दुसरा डॉयल पहिल्यापेक्षा मऊ झालाय असंही नाही. त्यानं दोष नेमका दाखवलाय. पण दोष नेमका दाखवता येतो तेव्हाच गुणही नेमका दिसतो, आणि म्हणून त्याला अकरा-बारा कथा हात जोडून बाजूला काढता आल्या. मधल्या काळात कथा त्याच राहिल्या होत्या. कावीळ उतरली होती.

आता थोडं स्वतःविषयी. सांगावं की नाही याचा विचार करत होतो, पण दुसऱ्याचे दोष दाखवून स्वतः नामानिराळं राहणं बरं नाही. १९८३ साली आम्ही दुःख या विषयावर पाच निबंधांचं एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलेलं. पण त्यातला दुसरा निबंध आम्ही इतक्या वेळा लिहून काढला, की एक दिवस तो वाचताना नुसती काळी चिन्हं दिसू लागली. आम्हांला वाटलं, आपण रिकामे आहोत आणि ते आता उघडं पडलं. आम्ही हस्तलिखित परत मागवलं आणि रद्दीबरोबर देऊन टाकलं. घरच्यांना सांगितलं, ते पुस्तक छापण्यालायक नव्हतं. आपण मोठ्या कठोरपणानं वागलो याचा अभिमानही वाटला.

टंकलिखिताची एक कार्बन प्रत आमच्या एका सहकारी मित्राकडे होती, ती आम्ही विसरून गेलो. मित्र परवा-परवा वारले. त्यांच्या मुलीनं कपाट आवरताना ती प्रत आम्हांला आणून दिली. भिंग घेऊन वाचली. चाळीस वर्षांनी वाचताना ती जवळजवळ परक्याची होती. चौथा निबंध कच्चा निघाला. तिथे युक्तिवाद द्यायचा त्या जागी आम्ही दृष्टांत देऊन वेळ मारून नेलीय. तो तेव्हा आम्हांला सर्वांत आवडायचा! आणि दुसरा, ज्याच्यामुळे सगळं पुस्तक रद्दीत गेलं, तो उभा आहे. थोर नाही, पण उभा आहे. साहजिकच होतं ते. ज्याच्यावर सर्वांत जास्त मेहनत, त्याचंच सर्वांत जास्त वाचन, त्याचाच सर्वांत जास्त वीट. आमच्या नावडीनं निबंधाची प्रत मोजली नव्हती. वाचनांची संख्या मोजली होती.

त्या प्रतीच्या समासात मित्राच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. दुसऱ्या निबंधाशेजारी एक प्रश्न लिहिलाय, फार चांगला प्रश्न आहे. शेजारी लिहिलंय, 'याला विचारायला हवं.' त्यांनी कधी विचारलं नाही. पुस्तकाचं नाव निघालं की आम्ही विषय बदलत असू, हे त्यांना माहीत होतं. पुस्तक छापलं गेलं नाही याचं आज या वयात फारसं काही वाटत नाही. त्या प्रश्नाचं मात्र वाटतं. आपली कृती आपल्याला आवडेनाशी झाली, की ती आपण दुसऱ्यांपासूनही काढून घेतो, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मग त्या तरुण मित्रांनी करावं काय? रोमन कवी होरेस सांगतो, लिहिलेलं नवव्या वर्षापर्यंत घरातच ठेवा. तरुणांना हा सल्ला परवडेल, आम्हांला नाही. पण अभिनवगुप्तांकडे जवळचा उपाय आहे. ते म्हणतात, ही विघ्नं घालवायला नाट्याकडे साधनं असतात. नट थेट राम म्हणून येत नाही. आधी पूर्वरंग होतो, मग प्रस्तावना, मग मुकुट घातलेला नट येतो आणि 'हा अमका नट' ही ओळख झाकली जाते. आपल्या संगीत नाटकांतल्या नांदीचं आणि सूत्रधार-नटीचंही कामच ते. लेखकानंही वाचण्याआधी असा छोटासा पूर्वरंग करावा. कथा दोन-चार महिने कुलपात ठेवा. मग ती दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचायला सांगा आणि आपण हातात पेन्सिल न घेता ऐका. आवाज दुसऱ्याचा असला, की आपला ताप आणि आपलं भाडं थोडं झाकलं जातं. ऐकताना कुठे टोचलं तर ती जागा सांगा, कारण सांगा. कारण सापडलं तर दुरुस्त करा, नाहीतर फाडा, आमची हरकत नाही. कारण सापडलं नाही तर कथा दुसऱ्यांच्या हाती द्या आणि नवी लिहायला बसा.

आम्हीही एक काम हाती घेतलंय. समासातल्या त्या प्रश्नाचं उत्तर लिहितो आहोत. ज्यानं विचारायचं ठरवलं होतं तो ऐकायला नाही, पण प्रश्न आहे, तेव्हा उत्तर द्यायला हवं. आतापर्यंत चार वेळा लिहून झालंय आणि काल रात्रीपासून ते अगदी भिकार वाटू लागलंय. म्हणून तूर्त कुलपात ठेवलंय.

इथे थांबतो. ते तरुण मित्र आले असतील तर त्यांनी हात वर करावा. बाकीच्यांचे प्रश्नही घेऊ. नमस्कार.